जुन्या लॅपटॉपची डिस्क आणि तिच्यातली मराठी

गेली काही वर्षं दक्षिण आणि मध्य मुंबईतले पोटमाळे उपसले जात आहेत. गिरगावातल्या उपकरप्राप्त इमारती पुनर्विकासाला निघाल्या, मेट्रो तीनसाठी काळबादेवी-गिरगावातल्या इमारती पाडल्या गेल्या, नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतली कुटुंबं संक्रमण शिबिरात गेली किंवा भाडं घेऊन उपनगरात. सामान बांधताना समया, पाटे-वरवंटे, लग्नाचे अल्बम यांच्या जोडीला आता एखादा जुना लॅपटॉपही निघतो. चार्जर हरवलेला, बॅटरी फुगलेली, बिजागरी तुटलेली. "ह्यात बाबांचं सगळं आहे," असं एक जण म्हणतो, "पण चालूच होत नाही ना," असं दुसरा म्हणतो, आणि लॅपटॉप भंगारवाल्याच्या गोणीत जातो.

हे थांबवता येतं. लॅपटॉप चालू होत नाही तेव्हा बिघाड पुष्कळदा मदरबोर्डात, पडद्यात, चार्जिंगच्या सॉकेटमध्ये किंवा बॅटरीत असतो. मजकूर जिच्यात साठवलेला असतो ती हार्ड डिस्क हा जुन्या लॅपटॉपमध्ये सुटा भाग आहे. ती काढून काही शे रुपयांच्या केसिंगमध्ये बसवली की यूएसबीने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. इतकं आता पुष्कळांना ठाऊक असतं. पण मराठी घरांचं, छापखान्यांचं आणि मंडळांचं काम एवढ्यावर निम्मंच होतं, कारण फाइल हाती येते आणि वाचता येत नाही. डिस्क बाहेर काढण्यापासून तिच्यातली अक्षरं पुन्हा वाचता येईपर्यंतच्या वाटेचा हा आढावा आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: फाइली वाचवताना त्यांच्यासोबतचे फॉन्ट वाचवा, आणि मजकूर नव्या कॉम्प्युटरवर नीट वाचून झाल्याशिवाय जुना लॅपटॉप घराबाहेर जाऊ देऊ नका.

केसिंगसाठी या भागातल्या माणसाला लांब जावं लागत नाही. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोड आहे. 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं हे नाव लोकांच्या तोंडी आजही आहे, पाटीवर मात्र डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांवर वाढलेला हा बाजार पुढे कॉम्प्युटरचा झाला. तिथे "केसिंग द्या" म्हटलं की दुकानदार विचारतो, "आयडीई, साटा की एम-टू?" हे उत्तर तयार नसेल तर चुकीची वस्तू घेऊन घरी याल, म्हणून डिस्क आधी काढा आणि सोबत न्या.

साधारण 2006-2007 पर्यंतच्या लॅपटॉपमध्ये आयडीई डिस्क असे. तिच्या एका कडेला केसासारख्या बारीक पिनांच्या दोन रांगा दिसतात. या जोडणीत 44 पिनांची जागा असते, विजेचा पुरवठाही त्यांतूनच होतो, आणि मधली एक पिन मुद्दामच गाळलेली असते, म्हणजे प्लग उलटा बसू नये. शेजारी थोडी मोकळी जागा सोडून आणखी चार पिना असतात, त्या जम्परसाठी. केसिंगचा प्लग त्या चारांवर सरकला तर डिस्क दिसत नाही, जोर केला तर पिना वाकतात. अनेक लॅपटॉपमध्ये या पिनांवर कंपनीने आपला एक छोटा जोडतुकडा बसवलेला असतो. तो दोन्ही टोकांनी आळीपाळीने किंचित उचलत सरळ ओढून काढला की खालच्या खऱ्या पिना दिसतात. तो जोडतुकडा तसाच ठेवून केसिंग लावायला गेलं की 'बसतच नाही' म्हणून लोक हताश होतात. आयडीईची केसिंगं आता सगळीकडे मिळत नाहीत. डेस्कटॉपची मोठी आयडीई, लॅपटॉपची छोटी आयडीई आणि साटा अशा तिन्हींना चालणारी तीन तोंडांची केबल मिळाली तर तीच घ्यावी.

त्यानंतरच्या लॅपटॉपमध्ये साटा आली. पिनांऐवजी दोन चपट्या पट्ट्या असतात, लांब पट्टी विजेची आणि आखूड माहितीची. ही डिस्क अडीच इंची केसिंगमध्ये नुसती सरकवायची. पाहायचं ते जाडीकडे: काही डिस्क 7 मिलिमीटरच्या, बऱ्याचशा साडेनऊच्या आणि थोड्या साडेबाराच्या असतात. या जाड डिस्क बारीक केसिंगमध्ये जात नाहीत.

गेल्या दहाएक वर्षांतल्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम-टू डिस्क सापडते. यात गोम अशी की दिसायला जवळजवळ सारख्या दोन जाती आहेत, एक साटाची भाषा बोलणारी आणि एक एनव्हीएमईची. एकीचं केसिंग दुसरीला चालत नाही. दोन्ही चालणारी केसिंगं मिळतात, थोडे पैसे जास्त पडतात, आणि लेबल वाचता येत नसेल तर तीच बरी. ॲपलच्या 2012 नंतरच्या पातळ मॅकबुकमधल्या पट्ट्यांचं तोंड आणखी वेगळं असतं. 2016 नंतरच्या बहुतेक मॅकबुक प्रोमध्ये साठवणीच्या चिप बोर्डावरच डाग दिलेल्या असतात, आणि 2018 पासून टी-टू चिप त्यावरचा मजकूर कुलूपबंद करते. तिथे केसिंगचा विषयच संपतो, बोर्ड जिवंत करणारा कारागीर लागतो. स्वस्त छोट्या लॅपटॉपमधल्या ईएमएमसी साठवणीचीही तीच गत.

वीज हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालते, पण चकती फिरायला सुरुवात करताना तिला जास्त प्रवाह लागतो. जुन्या यूएसबी टू पोर्टने अर्धा अँपिअर द्यायचा असं ठरलेलं, यूएसबी थ्रीने 0.9. जुन्या आयडीई डिस्कला सुरुवातीला कधी एक अँपिअरपर्यंतही लागतो. म्हणून डिस्क फिरल्यासारखी करते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते, आणि आपण ती मेली असं समजतो. दोन यूएसबी तोंडांची केबल किंवा स्वतंत्र अडॅप्टर असलेला हब लावला की अशा पुष्कळ डिस्क पहिल्या झटक्यात दिसू लागतात. कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूचा पोर्ट आणि लांब, बारीक केबल दोन्ही टाळावीत.

मग कान लावावा. चांगली डिस्क हलकी घरघर करून स्थिर होते. ठरावीक अंतराने टक, टक, टक असा आवाज येत असेल तर वाचणारं डोकं जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. त्या क्षणी केबल काढा. पुन्हा लावून पाहू नका. फ्रीझरमध्ये ठेवून पाहू नका. यूट्यूब पाहून झाकण उघडू नका. चकती आणि डोकं यांच्यातलं अंतर धुळीच्या कणापेक्षा कमी असतं. घरच्या हवेत उघडलेली डिस्क प्रयोगशाळेलाही नकोशी होते. वरचं सर्किट दुसऱ्या तशाच डिस्कचं लावण्याची युक्ती फार जुन्या डिस्कना चालायची. नंतरच्या डिस्कमध्ये त्या-त्या डिस्कपुरती मोजमापं सर्किटवरच्या चिपमध्ये लिहिलेली असतात, ती हलवल्याशिवाय नवं सर्किट निरुपयोगी. असं काम धूळमुक्त खोली असणाऱ्यांचं, आणि त्याचा खर्च हजारांत जातो. घरातल्यांनी आधी ठरवावं की आत जे आहे ते तेवढ्या मोलाचं आहे का. असेल, तर घरगुती प्रयोगांत डिस्कचे शेवटचे श्वास खर्च करू नयेत.

परळ-हिंदमाताच्या लोकांसाठी पाण्याचं वेगळं सांगायला हवं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम 73. पण हिंदमाता, परळ, लालबागच्या सखल भागांत तळमजल्यांवर पाणी शिरलं, आणि 29 ऑगस्ट 2017 ला पुन्हा. तळमजल्यावरच्या डीटीपीच्या दुकानांत टेबलाखाली ठेवलेले कॉम्प्युटर बुडले. साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब जुळवण्यासाठी गाळणी लावलेलं एक बारीक भोक असतं, ती पाणबंद नसते. भिजलेली डिस्क उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवली की पाण्यातली घाण चकतीवर चिकटून बसते. ती तशीच ओलसर, बंद पिशवीत घालून रिकव्हरीवाल्याकडे द्यायची, आणि वीज मुळीच लावायची नाही. त्या पावसानंतर 'वाळल्यावर चालू करून पाहू' या भल्या हेतूने किती मजकूर गेला असेल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

आता डिस्क लागली, आवाजही नीट आहे. स्क्रीनवर पहिली सूचना येऊ शकते ती अशी: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? उत्तर नेहमी 'कॅन्सल'. विंडोजला डिस्कवरची मांडणी कळली नाही एवढाच त्याचा अर्थ. डिस्क मॅकची असेल, लिनक्सची असेल, किंवा विभागणीचा तक्ता बिघडला असेल. मॅकची डिस्क मॅकला लावावी, लिनक्सची लिनक्सला. तक्ता बिघडला असेल तर टेस्टडिस्क हे फुकट मिळणारं साधन तो पुन्हा उभा करू शकतं, आणि त्याचंच भावंड फोटोरेक नावं गेलेल्या फाइलींतून फोटो आणि कागदपत्रं उपसून काढतं. ती उपसलेली कुठे ठेवायची? दुसऱ्या डिस्कवर, त्याच डिस्कवर कधीही नाही.

फोल्डर दिसले की माणसाला लगेच फोटो उघडून पाहावेसे वाटतात. घरातले चार जण स्क्रीनभोवती जमलेले असतात, आवरणं कठीण असतं. तरी आधी सगळं उतरवून घ्यावं, बघणं नंतर. पंधरा-वीस वर्षं पडून असलेली डिस्क किती वेळ साथ देईल सांगता येत नाही, आणि इकडच्या फोल्डरमधून तिकडच्यात उड्या मारल्याने डोक्याची धावपळ वाढते. 160 जीबीची भरलेली डिस्क यूएसबी टूवरून उतरायला दीड तास लागतो, जुनी 40 जीबीची अर्ध्या तासात होते. आज ती अख्खी एका पेन ड्राइव्हमध्ये मावते. डिस्क मध्येच अडखळत असेल तर फाइली ओढत बसण्यापेक्षा पूर्ण डिस्कची प्रतिमा काढणं शहाणपणाचं. लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू आधी सुरळीत भाग उचलतं, खराब जागांची नोंद ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. पुढचं सगळं काम त्या प्रतिमेवर करायचं, मूळ डिस्क कपाटात.

फाइली कुठे असतात? एक्सपीच्या डिस्कवर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरात वापरकर्त्याच्या नावाखाली, व्हिस्टापासून पुढे 'युझर्स'मध्ये. आत जाताना 'परवानगी नाही' असं येतं, कारण त्या फोल्डरचा मालक जुन्या विंडोजमधला वापरकर्ता असतो. 'कंटिन्यू' दाबलं आणि चालू कॉम्प्युटरवर आपल्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असले की बहुधा मार्ग मोकळा होतो. डिस्क रिकामी दिसते पण जागा भरलेली, असा प्रकार आपल्याकडे फार पाहायला मिळतो. 2008 च्या आसपास पेन ड्राइव्हमधून फिरणाऱ्या व्हायरसांनी खरे फोल्डर लपवून त्याच नावांचे शॉर्टकट ठेवलेले असत. लपलेल्या आणि सिस्टिमच्या फाइली दाखवण्याची सेटिंग चालू केली की फिकट रंगात सगळं समोर येतं. शॉर्टकटवर क्लिक करायचं नाही, आणि उतरवलेल्या मालावर आधी अँटिव्हायरस फिरवायचा.

कुलपांचे प्रकार वेगवेगळे आहेत. विंडोजचा साधा पासवर्ड केसिंगपुढे काहीच अडवत नाही, हे पुष्कळांना धक्कादायक वाटतं. लॅपटॉप सुरू होतानाच विचारला जाणारा डिस्कचा पासवर्ड मात्र डिस्कमध्येच असतो, तो केसिंगमध्येही पाठ सोडत नाही. एक्सपी प्रोफेशनलमध्ये हिरव्या नावांनी दिसणाऱ्या फाइली सांकेतिक केलेल्या असतात, त्यांना जुन्या खात्याचं प्रमाणपत्र लागतं. बिटलॉकर 2007 मध्ये व्हिस्टाबरोबर लोकांपर्यंत आला, आणि विंडोज 11 च्या 2024 मधल्या आवृत्तीपासून तो नव्याने केलेल्या पुष्कळ कॉम्प्युटरवर न विचारता चालू होतो. त्याची रोजची किल्ली बोर्डावरच्या चिपमध्ये असते. बोर्ड मेला तर 48 आकडी रिकव्हरी किल्लीशिवाय आतलं एक अक्षर मिळत नाही. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आज चालू असलेल्या लॅपटॉपची ती किल्ली आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

इथवरचं सगळं जगभर सारखं आहे. यापुढचं आपलं.

गिरगाव हे मराठी छपाईचं घर. जावजी दादाजींचा निर्णयसागर 1869 चा, खटाववाडीतली मौज अगदी आपल्या काळापर्यंतची. खिळे जुळवण्याचं काम नव्वदच्या दशकात डीटीपीकडे गेलं, आणि गिरगाव-दादरच्या गल्ल्यांतून पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकचं आयएसएम ही नावं रोजची झाली. दिवाळी अंक, पंचांगं, लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, वधू-वर सूचीची पुस्तकं, ज्ञातीच्या वंशावळी, कामगार संघटनांची पत्रकं, सगळं त्या फॉन्टांत बसलं. लॅपटॉप आल्यावर लेखक, शिक्षक आणि मंडळांचे चिटणीसही तेच फॉन्ट वापरू लागले.

या फॉन्टांची युक्ती अशी होती की कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी साठवतोय. कृतिदेवमध्ये 'महारा' एवढी अक्षरं उमटवली की फाइलीत ई, जी, के, जे, के ही पाच इंग्रजी अक्षरं जमा होतात. 'ई'च्या जागी फॉन्टमध्ये 'म'चं चित्र असतं, 'जी'च्या जागी 'ह'चं, 'के'च्या जागी काना, 'जे'च्या जागी 'र'. श्री-लिपीचं कोष्टक वेगळं, आकृतीचं वेगळं, सी-डॅकचं आणखी वेगळं. फॉन्ट सोबत आहे तोवर सगळं शुद्ध मराठी, फॉन्ट गेला की कचरा. भारतीय लिपींसाठीचं आयएससीआयआय प्रमाण 1991 मध्ये पक्कं झालं होतं, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत त्याच वर्षी देवनागरी होती, विंडोज 2000 मध्ये मंगल फॉन्ट आला. पण एक्सपीमध्ये देवनागरीची सोय सीडी घालून वेगळी बसवावी लागे, आणि पेजमेकरला युनिकोड देवनागरी शेवटपर्यंत समजली नाही. त्यामुळे छपाईचं जग पुढची अनेक वर्षं जुन्याच फॉन्टांवर चाललं.

लालबागच्या एका मंडळाच्या माजी चिटणिसांच्या लॅपटॉपमधली साटा डिस्क मी अलीकडे उघडून दिली. डिस्क ठणठणीत होती. 'अहवाल फायनल', 'अहवाल फायनल टू', 'वर्गणी', 'देखावा निवेदन' अशी इंग्रजी लिपीतल्या नावांची फोल्डरं. पहिली वर्ड फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, उद्गारचिन्हं, कंस आणि उच्चारचिन्हं लावलेली युरोपीय अक्षरं. मंडळाची पोरं म्हणाली, "करप्ट झाली." फाइल करप्ट नव्हती. मजकुरावर कर्सर ठेवला आणि वर फॉन्टच्या चौकटीत पाहिलं, तिथे श्री-लिपीतल्या फॉन्टचं नाव आणि त्याचा चार आकडी क्रमांक तसाच होता. वर्ड मूळ फॉन्टचं नाव फाइलीत जपून ठेवतो, फॉन्ट कॉम्प्युटरवर असो वा नसो. मग त्याच जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरातल्या 'फॉन्ट्स'मध्ये गेलो, तिथे तो फॉन्ट होता. बसवला आणि फाइल पुन्हा उघडली. पहिली ओळ आली ती मंडळाच्या संस्थापकांना वाहिलेल्या श्रद्धांजलीची, त्यांच्या गिरणीचं आणि खात्याचं नाव घालून लिहिलेली. 1982 च्या गिरणी संपाने घरी बसवलेल्या त्या पिढीच्या माणसांविषयी मंडळाने स्वतः लिहून ठेवलेलं एवढंच होतं, आणि छापलेली प्रत कोणाकडेही उरली नव्हती.

म्हणून माझा आग्रह असा. जुन्या डिस्कवरून फोटो आणि डॉक्युमेंट्स घेतात, विंडोजचं फोल्डर 'सिस्टिमचं आहे' म्हणून सोडतात. मराठी डिस्कबाबत 'फॉन्ट्स' फोल्डर आधी उतरवायचं. छापखान्याची डिस्क असेल तर तिच्या अगदी वरच्या पातळीवरच 'पीएसफॉन्ट्स' नावाचं फोल्डर शोधायचं. अडोबी टाइप मॅनेजरचे जुने टाइप वन फॉन्ट तिथे असतात. अडोबीने 2023 मध्ये आपल्या नव्या आवृत्त्यांतून त्यांचा आधार काढला असला, तरी जुन्या कामासाठी ते लागतात. कुठे पीडीएफ सापडल्या तर त्या सर्वांत आधी जपायच्या. फॉन्ट आत घालून केलेली पीडीएफ दिसायला तंतोतंत राहते, फक्त तिच्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की पुन्हा कचरा होतो.

पेजमेकरच्या फाइली ही मोठी अडचण. त्याची शेवटची आवृत्ती 7, 2001 ची. इनडिझाइन सीएस सिक्सपर्यंत त्या फाइली उघडत असे, पुढच्या आवृत्त्यांनी ते बंद केलं. लिबरऑफिस मात्र पेजमेकर आणि कोरल ड्रॉ दोन्हींच्या फाइली उघडण्याचा प्रयत्न करतं. मांडणी थोडी विस्कटते, मजकूर बहुधा हाती येतो. उतरवलेली डिस्क व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून जुनी एक्सपी जशीच्या तशी उभी करण्याचाही मार्ग आहे, पण श्री-लिपी, आकृतीसारख्या सॉफ्टवेअरना कॉम्प्युटरच्या मागे लागणारं कुलूप, म्हणजे डोंगल, असे, आणि ते हरवलं असेल तर गाडी तिथेच अडते. केसिंगमधून फाइली येतात, प्रोग्राम चालत नाहीत. दादरच्या दुकानदारांना हिशेबाच्या टॅलीबाबत हेच समजवावं लागतं: आकडी नावांची डेटा फोल्डरं उतरवायची, आणि ती नव्या टॅलीत आणताना मधल्या आवृत्त्यांचं रूपांतर करून घ्यायचं.

फॉन्ट बसवून वाचता आलं म्हणजेही पुढच्या पिढीची सोय झाली असं नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणायला हवा. कन्व्हर्टर मिळतात, फुकट आणि विकत दोन्ही. कृतिदेवचे बरेचसे हिंदीसाठी केलेले असतात, त्यामुळे ळ आणि 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ्य तपासायलाच हवा. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षरानंतर, कन्व्हर्टरने दोन्ही फिरवायचे असतात, आणि जोडाक्षरावर रफार आला की तो चुकतो. आकड्यांकडे विशेष लक्ष द्यावं, कारण वर्गणीच्या यादीत एक चिन्ह हललं तरी कळत नाही. म्हणून मूळ फाइल, फॉन्ट आणि मूळ रूपातली पीडीएफ तिन्ही सोबत ठेवून मगच युनिकोडची प्रत करावी.

एसएसडी असलेल्या लॅपटॉपबाबत एक इशारा पुरे. तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण वीज न मिळता वर्षानुवर्षं पडलेल्या एसएसडीतला विद्युतभार झिरपतो. पुरती झिजलेली साधी एसएसडी 30 अंश तापमानात वर्षभर मजकूर धरून ठेवू शकली पाहिजे, एवढीच उद्योगाच्या प्रमाणाची अपेक्षा आहे. मुंबईच्या पोटमाळ्याचं तापमान आपल्याला माहीत आहे. कपाटात एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही असतील तर एसएसडी आधी हातात घ्यावी.

आणि एक नाजूक बाब. केसिंग पासवर्ड विचारत नाही, पण आपण माणसांना विचारायला हवं. गेलेल्या वडिलांच्या डिस्कमध्ये पत्रं असतात, औषधोपचाराचे कागद असतात, कर्जाच्या नोंदी असतात, कधी आईलाही ठाऊक नसलेलं काही असतं. माझ्या मते सगळं उतरवायला घरातल्या कोणीही हरकत घेऊ नये, उघडून वाचायचं काय ते मात्र आईला किंवा थोरल्यांना विचारून. डिस्क दुरुस्तीला देताना दुकानदाराला फक्त हवी ती फोल्डरं सांगावीत आणि शक्य तर समोर बसावं. काम झाल्यावर मूळ डिस्क विकायची असेल तर नुसतं डिलीट किंवा झटपट फॉरमॅट करून ती चोरबाजारात जाऊ देऊ नये, त्यातलं सगळं परत निघतं. फिरत्या डिस्कवर एकदा पूर्ण पुसून लिहिलं की पुरतं. एसएसडीला तिच्या कंपनीच्या साधनाने सिक्युअर इरेझ करावं लागतं.

छापलेल्या पुस्तकांची तरतूद आपल्याकडे कायद्याने आहे. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने चार ग्रंथालयांना प्रत द्यायची असते, त्यांतलं एक फोर्टमध्ये टाऊन हॉलच्या इमारतीत आहे. मंडळाचा अहवाल, नाट्यसंस्थेच्या तालमीची संहिता, कामगार वस्तीतल्या हस्तलिखिताची टाइप केलेली प्रत या कायद्याच्या वाटेला येत नाहीत. त्या डिस्कवरच आहेत. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासूनचं, गिरगावचा मुंबई मराठी साहित्य संघ 1935 पासूनचा. अशा संस्थांनी एक टेबल मांडावं असं मला मनापासून वाटतं. खर्च फार नाही: आयडीई, साटा आणि एम-टू चालणारी केसिंगं, स्वतंत्र विजेचा हब, लिनक्स असलेला एक कॉम्प्युटर, एक्सपी आणि जुनी मराठी सॉफ्टवेअरं त्यांच्या डोंगलसह चालू ठेवलेला दुसरा, आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या मोठ्या डिस्क. नव्वदच्या दशकात डीटीपीवर बसलेली माणसं आज साठीच्या आसपास आहेत. फॉन्टचं नाव न पाहता, पानावरच्या कचऱ्यावरून तो श्री-लिपीचा की आकृतीचा हे ती ओळखतात. त्यांना आठवड्यातून एक दुपार त्या टेबलाशी बोलवावं, आणि शेजारी कॉलेजची दोन मुलं शिकायला बसवावीत.